घर तरोडीला, काम धरमपेठेत

नागपुरात गरीब कुटुंबाला सरकारी मदतीनं घर मिळण्याच्या मुख्य वाटा दोन. एक वाट वांजरी, तरोडी खुर्द, वाठोडा अशा ठिकाणी उभ्या राहिलेल्या योजनेतल्या फ्लॅटची. अर्ज, सोडत, बँकेचं कर्ज आणि शेवटी किल्ली. दुसरी वाट, जिथं आज राहतो त्याच झोपडवस्तीत त्याच जागेचा पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी कागद, मिळण्याची. पट्टा हाती आला की प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख घेऊन माणूस आपलं घर आपणच बांधतो. मंडप दोन्हीकडे पडतात, हारतुरे दोन्हीकडे होतात. पण शहरात 'परवडणारी घरं' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते ती रिंग रोडपलीकडची रंगीत इमारत. माझं म्हणणं असं आहे की नागपूरसारख्या शहरात कुटुंबाचं आयुष्य बदलण्याची ताकद त्या इमारतीपेक्षा पट्ट्यात जास्त आहे, आणि आपण क्रम उलटा लावून बसलो आहोत.

आधी जे वादाचं नाही ते सांगून टाकतो. पक्कं घर माणसाचं शरीर वाचवतं. मेक्सिकोत एका राज्यानं गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा कोबा घालून दिला. बाकी घर जसंच्या तसं, फक्त जमीन बदलली. एवढ्यानं लहान मुलांमधलं जुलाबाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, जंत कमी झाले, अंगातलं रक्त वाढलं. आपल्याकडे कोब्याच्या जोडीला छपराचा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकलेला असताना टिनाखाली बाळंतीण आणि तान्हं मूल दुपार कशी काढतात, हे नागपूरकराला समजावून सांगायला नको. कूलर लावायचा तर त्याला पाणी लागतं, आणि पाणी भरायला घरात नळ लागतो. स्लॅब पडली म्हणून सगळं संपतं असं नाही, उघडी स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. पण तिच्यावर चुना मारता येतो, वर जाऊन झोपता येतं, आणि पावसाळ्यात पलंगावर पातेली मांडून बसावं लागत नाही. घरातच संडास आला की मोठ्या झालेल्या मुलीचं पहाटेचं भय जातं. हे सगळं फ्लॅटमध्येही मिळतं आणि पट्ट्यावर बांधलेल्या घरातही.

फरक पुढे सुरू होतो.

पट्टा नसलेल्या वस्तीत लोक वर्षानुवर्षं टिनाखाली का राहतात? पैसे नसतात हे अर्धंच उत्तर. वीस वर्षांत भिशी, बचत गट, विकलेली पोत असं करून अनेकांकडे दोनदा-तीनदा तेवढे पैसे जमलेले असतात. पण आज टाकलेली स्लॅब उद्या बुलडोझरखाली जाणार असेल तर शहाणा माणूस ते पैसे मुलीच्या लग्नात घालतो. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सजवळच्या एका वस्तीत याची जणू परीक्षाच झाली. लोकांनी बळकावलेली जमीन सरकारनं ताब्यात घेऊन त्यांच्या नावे करायचं ठरवलं. काही मूळ मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत, एकसारख्या गरिबीतल्या काही कुटुंबांना कागद मिळाला आणि शेजारच्यांना मिळाला नाही. पुढे संशोधकांनी जाऊन पाहिलं तेव्हा कागदवाल्यांची घरं चांगली बांधलेली होती, कुटुंबं लहान होती आणि मुलं शाळेत जास्त टिकली होती. कमाई मात्र फारशी वाढली नव्हती, बँकांनीही कर्जाची दारं काही सताड उघडली नव्हती. ज्यांना पट्टा म्हणजे गरिबाच्या हाती भांडवल असं वाटतं त्यांनी हेही ऐकून ठेवावं. पेरूमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. कागद मिळाल्यावर लोक घराबाहेर जास्त तास काम करू लागले, कारण झोपडी राखायला घरातल्या एखाद्यानं मागं थांबण्याची गरज उरली नाही.

नागपूरच्या वस्त्यांमध्ये हे कोणी आकडे लावून मोजलेलं माझ्या वाचनात नाही, पण पट्टा झालेल्या गल्लीतून डोळे उघडे ठेवून चाललं की काय बदललं ते दिसतं. आधी संडास, मग समोरची खोली, दोन-तीन वर्षांनी जिना. जिना महत्त्वाचा. जिना आला म्हणजे वर खोली येणार, आणि ती एकतर लग्न झालेल्या मुलासाठी असणार किंवा भाड्यानं जाणार. त्या भाड्याच्या खोलीकडे मी नंतर येतो.

आता फ्लॅटकडे. नागपूरचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. इथल्या बहुतेक मोठ्या झोपडवस्त्या एखाद्या सुखवस्तू भागाला चिकटून आहेत. धंतोलीला तकिया, धरमपेठ-अंबाझरीला पांढराबोडी, मेडिकल हॉस्पिटलजवळ रामबाग आणि इमामवाडा. हा योगायोग नाही. बंगल्यात पोळ्या करणारी, दवाखान्यात झाडूपोछा करणारी, बर्डीच्या बाजारात ठेला लावणारी माणसं चालत जाता येईल अशा अंतरावर राहायला आली. एम्प्रेस मिल या जुन्या कापड गिरणीला हे फार आधी कळलं होतं. कामगार वेळेवर यायचा तर त्याचं घर जवळ पाहिजे, म्हणून मिलनं इंदोऱ्याकडे बेझनबाग वसवली. दयाळूपणा असेलही त्यात थोडा, हिशेब नक्की होता.

पांढराबोडीतल्या एका जोडप्याचा हिशेब मांडू. तो रोजंदारीसाठी मजुरांच्या ठिय्यावर उभा राहतो, महिन्यात वीस-बावीस दिवस काम लागतं. ती धरमपेठेत चार घरी जाते. दोघांचे मिळून अठरा-एकोणीस हजार. वर्षाला तीन लाख ही आर्थिक दुर्बल घटकाची मर्यादा, म्हणजे ते पात्र. समजा घर दहा लाखांचं. अडीच लाख अनुदान, लाखभर रुपये कसेबसे पदरचे, उरले साडेसहा लाख. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता पाच हजार आठशेच्या घरात जातो. मुळात बँक कर्ज देईल का, हा पहिला अडसर. दोघांपैकी एकाकडेही पगाराची स्लिप नाही. दिलं असं समजू. आता घर तरोडीला. धरमपेठ तिथून दहा-बारा किलोमीटर तरी. मेट्रो पूर्वेला प्रजापती नगरला संपते आणि तरोडी त्याच्याही पुढे, त्यामुळे आधी शेअर ऑटो, मग पुढचं वाहन. रोजचे साठ रुपये धरले तरी महिन्याचे दीड हजार गेले. त्याहून मोठं नुकसान वेळेचं. सकाळी सहाची पोळ्यांची बाई तरोडीहून सहाला पोहोचत नाही. ते घर सुटतं. मग दुपारचं सुटतं, कारण मधल्या वेळात घरी येऊन मुलांना वाढता येत नाही. चार घरांची दोन होतात. सोसायटीचा मेंटेनन्स आणि लिफ्टचं बिल मी अजून धरलेलंच नाही.

घर स्वस्तात मिळालं आणि कुटुंब गरीब झालं, असं हे गणित आहे.

हे कल्पनेतलं भय नाही. अहमदाबादेत १९८७ मध्ये बिडी कामगार बायकांसाठी घरांची सोडत निघाली होती. घरं चांगली, किंमत सवलतीची, जागा मूळ वस्तीपासून साधारण १२ किलोमीटरवर. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या अशा दोन्हींचा शोध घेतला. नाव लागलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबं एकतर तिथं राहायला गेलीच नव्हती किंवा जाऊन परत आली होती. उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या शिक्षणात फरक नाही. फरक होता तो एवढाच की अडीअडचणीला पैसे देणारी, मूल सांभाळणारी माणसं त्यांच्याजवळ कमी उरली होती. सोडतीनं घर दिलं आणि शेजार काढून घेतला.

याच्या उलट मुंबईचं उदाहरण आहे. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलेल्या कुटुंबांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांची मुलं जास्त शिकलेली आणि जास्त प्रमाणात नोकरीला लागलेली आढळली. तिथं लोकांना घर भाड्यानं देण्याची मुभा होती. ज्यांना नवी जागा गैरसोयीची होती त्यांनी घर भाड्यानं दिलं, स्वतः जिथं काम आणि शाळा होती तिथंच राहिले आणि भाड्याच्या पैशांवर मुलांना शिकवलं. नागपुरातला मध्यमवर्ग याला 'योजनेचा गैरफायदा' म्हणतो. "घर मिळालं तरी भाड्यानं देऊन परत झोपडीत येतात हे लोक." मला त्यात गैर काही दिसत नाही. मनीषनगरला फ्लॅट भाड्यानं देऊन मुलांच्या शाळेसाठी रामदासपेठेत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला आपण हुशार म्हणतो.

मध्यमवर्गाचा विषय निघालाच आहे तर नागपूरचं एक गुपित सांगतो, जे गुपित नाहीच. या शहराचा केवढा तरी भाग अनधिकृत लेआउटवर उभा आहे. '५७२' आणि '१९००' हे अशा लेआउटच्या संख्येचे आकडे नुसते म्हटले तरी जुन्या नागपूरकराला कळतं कशाबद्दल बोलणं चाललं आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडले, मंजुरी घेतली नाही, सोसायटीच्या नावानं प्लॉट विकले आणि शिक्षक, कारकून, दुकानदार यांनी त्यावर आयुष्यभराची पुंजी घालून घरं बांधली. ती पाडली का? नाही. २००१ मध्ये राज्यानं असे विनामंजुरीचे प्लॉट नियमित करण्याचा गुंठेवारीचा कायदा केला. डिमांडची रक्कम भरा, आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र घ्या, नकाशा मंजूर करून घ्या. मागोमाग हळूहळू गडर लाइन आली, रस्ता आला, घराची किंमत वाढली, कर्ज मिळू लागलं. "आरएल झालं का?" हा प्रश्न आजही इथं प्लॉटच्या सौद्यात सगळ्यात आधी येतो. नागपूर सुधार प्रन्यास ही शहराच्या आखणीचं काम पाहणारी १९३६ पासूनची संस्था हाताशी असताना हे शहर मंजूर नकाशाबाहेर वाढलं, आणि तरी शहाणपणानं त्या वाढीला नंतर कागद दिला गेला. ते बरोबरच झालं. मग तोच न्याय वस्तीला लावताना आपल्या पोटात का दुखतं?

फरक आहे, मान्य. लेआउटवाल्यानं प्लॉट पैसे मोजून घेतला होता. पण झोपडीही फुकट मिळत नाही. वस्तीतली जागा कोणीतरी कोणालातरी साध्या स्टॅम्पपेपरवर विकलेलीच असते, आणि पैसे तिथंही मोजलेलेच असतात. फक्त विकणाऱ्याच्या नावावर सातबारा नव्हता. लेआउटवाल्यांच्या बाबतीतही मंजुरी नव्हतीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शहराच्या मधोमध एवढी किमती जमीन एकमजली घरांना कशाला? टॉवर बांधा, तिथल्या तिथं सगळ्यांना फ्लॅट द्या, उरलेल्या जागेत विक्रीचे बांधा. मुंबईत हे चालतं, कारण तिथं विक्रीच्या फ्लॅटला मिळणाऱ्या भावातून फुकट घरांचा खर्च निघतो. नागपूरच्या भावात तो निघणं अवघड. बिल्डरला वर्धा रोड, बेसा, पिपळ्याकडे मोकळी जमीन मिळत असताना तो चारशे झोपड्यांच्या संमतीपत्रांमागे का धावेल? मुंबईचा नमुना इथं कागदावर छान दिसतो, आणि त्याची वाट पाहता पाहता वस्ती आणखी पंधरा वर्षं टिनाखाली राहते.

तिसरा आक्षेप मला मान्यच आहे. प्रत्येक वस्ती आहे तिथं राहू शकत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरात शिरली. त्या रात्री बंगलेही बुडाले, पण बंगल्याला वरचा मजला होता. नदी-नाल्याच्या अगदी काठावर, रेल्वेच्या रुळालगत, हायटेन्शन तारांखाली पट्टा देणं म्हणजे माणसाला धोक्याच्या जागी कायमचं बांधून ठेवणं. अशांना हलवावंच लागेल. प्रश्न एवढाच की किती लांब. पूर्व नागपुरात काम करणाऱ्याला वाठोडा चालेल. पश्चिमेच्या फुटाळा तलावाकाठच्याला चालणार नाही. हलवायच्या प्रत्येक वस्तीसाठी दोन-तीन किलोमीटरच्या आत जागा शोधायची असा नियम केला तर सुधार प्रन्यास आणि महापालिकेच्या पडीक जागांची यादी आपोआप बाहेर येईल.

पट्ट्याची बाजू घेतो म्हणून त्याचे दोष झाकत नाही. पहिला दोष, अडीच लाख. ही रक्कम २०१५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाची. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला, तरी आपल्या राज्यातल्या कुटुंबाच्या हाती पडणारा आकडा तोच. मधल्या काळात सिमेंट, रेती, गिट्टी, लोखंड, मिस्त्रीची मजुरी कुठल्या कुठं गेली. योजनेतलं घर ३० चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. अडीच लाखांत त्याच्या भिंती होतात, स्लॅबला सावकार लागतो. अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर अर्धवट भिंतींवर ताडपत्री टाकून एक पावसाळा काढावा लागतो. तरोडीच्या फ्लॅटसाठी जमीन, रस्ते, लिफ्ट यांचा खर्च धरला आणि त्यातला काही भाग इकडे वळवला तर हे अनुदान वाढवणं अशक्य नाही.

दुसरा दोष जमिनीच्या मालकीचा गुंता. एकाच वस्तीत अर्धी गल्ली सुधार प्रन्यासची, अर्धी नझुलाची म्हणजे सरकारच्या मालकीची, कोपरा महापालिकेचा आणि मागची बाजू खासगी. सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची घरं नियमित करण्याचा शासन निर्णय २०१८ मध्ये झाला, पण कोणाची जमीन कुठं संपते हे ठरवणारी मोजणी झाल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. त्यात विदर्भाचं खास दुखणं म्हणजे झुडपी जंगल. जिथं झुडूपसुद्धा उरलेलं नाही अशा जमिनी कागदोपत्री जंगल आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच आहे असं सांगितलं आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीचा मार्ग मोकळा ठेवला. कचेऱ्या, शाळा, संस्था यांना जमिनीचं वाटप झालेलं असतं. वस्तीतल्या माणसाला जमीन कोणी वाटलेली नसते, तो येऊन राहिलेला असतो. राज्य सरकारनं केंद्राकडे जाताना या माणसाची बाजू वेगळी मांडली नाही तर निकालाचा फायदा इमारतींना होईल आणि झोपडी जंगलातच राहील.

तिसऱ्या दोषाबद्दल कोणी बोलत नाही. वस्तीतल्या भाडेकरूला पट्टा नाही. बालाघाट, छत्तीसगड, गोंदियाकडून आलेला बांधकाम मजूर, नवऱ्यानं टाकलेली बाई, भाड्याच्या खोलीत दहा वर्षं काढलेलं कुटुंब यांच्या नावावर काहीच नसतं. त्यांना मालकीचं घर हा आजचा प्रश्नच नाही, परवडणारं भाडं हा आहे. करोनाच्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा हे देशाला दिसलं, आणि २०२० मध्ये केंद्रानं भाड्याच्या घरांची योजना काढली. तिचा एक आधार होता आधीच्या योजनांतून बांधून रिकामी पडलेली सरकारी घरं. देशभरात ती ८० हजारांहून अधिक होती. घराची टंचाई असलेल्या देशात सरकारी घरं रिकामी का पडतात, याचं उत्तर वर अहमदाबादच्या बायकांनी दिलेलं आहे.

पट्टा झालेल्या घरावर चढलेला तो जिना इथं कामाला येतो. वरची दहा बाय बाराची खोली, दोन-अडीच हजार भाडं, कामाच्या जागेपासून चालत दहा मिनिटं. या शहरातलं खरं भाड्याचं परवडणारं घर ते आहे, आणि ते कुठल्याही योजनेच्या आकड्यात नाही. मालकिणीच्या हाती नियमित पैसा येतो आणि नव्यानं आलेल्याला शहराच्या मध्यात पाय टेकायला जागा मिळते. पट्ट्याच्या अटींमध्ये ही खोली चोरून बांधावी लागू नये. तिच्यासाठी साधा, झोन कार्यालयातच मंजूर होणारा नकाशा असावा, आणि जिन्याची जागा व खिडकी यांचे नियम असावेत, म्हणजे हवा खेळेल आणि आग लागली तर बाहेर पडता येईल. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे झाला पाहिजे हेही ओघानं आलंच. आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करण्याची अट आहे आणि त्या अटीनं बाईचं घरातलं बोलणं ऐकलं जातं. दारू पिऊन घर विकायला निघालेल्या नवऱ्याला तिची सही लागते.

आणि फ्लॅट बांधायचेच तर ते शहराच्या आत बांधण्याचा नियम आपल्याकडे आधीच आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करणाऱ्याला २० टक्के वाटा आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. नागपूर त्यात येतं. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत बिल्डरांना जादा चटई निर्देशांकही, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधण्याची मुभा, मिळतो, आणि ती मेट्रो तुमच्या-आमच्या पैशांतून झाली. गेल्या पाच वर्षांत मंजूर झालेल्या मोठ्या प्रकल्पांची यादी, त्यातल्या प्रत्येकाचा २० टक्क्यांचा हिस्सा, तो कुठं बांधला आणि कोणत्या सोडतीत गेला, एवढी चार रकान्यांची यादी नगररचना विभागानं दर सहा महिन्यांनी लावावी. वर्धा रोडवरच्या टाउनशिपमध्ये तिथल्याच घरकाम करणाऱ्या बाईला नियमानं फ्लॅट मिळायला हवा होता की नाही, हे त्या यादीवरून ज्याला त्याला वाचता येईल. तिलाही.